मदतीत धरलेलं कर्ज

छोटीने पत्र मोठ्याने वाचायला घेतलं तेव्हा काटेवाले दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसरा साबणात होता.

"'अभिनंदन! आपली निवड झाली असून विद्यापीठाने आपल्यासाठी एकूण शुल्काच्या ऐंशी टक्के आर्थिक मदत मंजूर केली आहे.' आई! ऐंशी टक्के!"

आई शिलाई मशीनवरून उठून धावत आली. तिच्या हातात कोणाची तरी अर्धी उसवलेली पँट तशीच होती. मायलेकींनी एकमेकींना मिठी मारली, मध्ये ती पँट. काटेवाल्यांचा वस्तरा मात्र गालावर होता तिथेच थांबला.

"का?" त्यांनी विचारलं.

"का म्हणजे काय बाबा? मार्क चांगले पडले म्हणून."

"मार्क तुझे, पैसे त्यांचे. त्यात त्यांचा काय फायदा?"

"अहो, निदान तोंड तरी धुवा आधी," बायको म्हणाली. "चांगली बातमी साबण लावून ऐकू नका."

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं, म्हणून सगळी गल्ली त्यांना काटेवाले म्हणे. उभ्या आयुष्यात त्यांच्याकडे जेवढी गिऱ्हाइकं आली, त्यातल्या निम्म्यांनी काटा दुरुस्त झाल्यावर हळूच पुढे वाकून विचारलं होतं, "जरासा आपल्या बाजूला झुकवून मिळेल का?" काटेवाल्यांनी कधी झुकवून दिला नाही, त्यामुळे धंदा फारसा वाढला नाही. पण प्रत्येक पारड्याखाली कोणाचं ना कोणाचं बोट असतंच, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली. दूधवाला मापात जास्त दूध घालून गेला, तर त्या दिवशी ते दूध आधी मांजरीला पाजत.

तोंड पुसून त्यांनी छोटीचा फोन हातात घेतला आणि पत्र डोळ्यांत तेल घालून वाचलं. शिष्यवृत्ती, शंभरातले पस्तीस. ग्रंथालयात काम करून मिळणारे, पाच. कर्ज, चाळीस. एकूण मदत, ऐंशी.

"हे कर्ज मदतीत कसं धरलं?"

"बाबा, ते कर्ज मिळवून देतायत ना, म्हणून."

"मी तुला माझ्या दुकानातला काटा विकला आणि पैसे नंतर दे म्हणालो, तर मी तुला मदत केली का काटा विकला?"

छोटीने आईकडे पाहिलं. आईने पँटकडे पाहिलं.

"म्हणजे मदत चाळीसच," काटेवाले म्हणाले. "साठ आपलेच. वीस आत्ता आणि चाळीस मागाहून. पाणी मुरतंय कुठेतरी."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते विद्यापीठात गेले. इमारत एवढी चकचकीत होती की तिच्याकडे बघूनच त्यांचा संशय दुप्पट झाला. दारात कारंजं होतं. 'हे पाणी कोणाच्या फीमधून उडतंय?' असा विचार करत ते मदत विभागाच्या खिडकीशी पोचले. खिडकीत बसलेल्या बाई फार गोड बोलत होत्या. काटेवाल्यांना गोड बोलणाऱ्यांची जास्तच धास्ती वाटे.

"ही शिष्यवृत्ती चारही वर्षं मिळणार?"

"हो तर!" बाई म्हणाल्या. "मार्क टिकवले की झालं."

"किती टिकवायचे?"

बाईंनी आकडा सांगितला. काटेवाले मनातल्या मनात हादरले. एवढे मार्क टिकवायचे म्हणजे पोरीने चार वर्षं शिंकायचंही नाही.

"आणि कर्जावर व्याज कधीपासून?"

"त्याची काळजीच नको. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात."

"हप्ते नाही विचारले. व्याज विचारलं."

"शिक्षण चालू असताना तुम्हाला एक पैसाही भरायचा नसतो."

"भरायचं कधी ते कळलं हो. चढायला कधी लागतं?"

बाईंनी पाण्याचा घोट घेतला, खुर्ची सरकवली, मागे वळून कोणी आहे का पाहिलं. "पहिल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या.

"हां," काटेवाले म्हणाले. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

बाईंनाही मग त्यांची दया आली असावी, नाहीतर मागची रांग वाढत होती म्हणून असेल, पण त्यांनी सांगितलं की मदत कमी वाटत असेल तर पुनर्विचाराचा अर्ज करता येतो. उत्पन्न घटलं असेल तर तसं लिहायचं, समिती विचार करते.

अर्ज एका पानाचा असतो. काटेवाल्यांनी चार पानं लिहिली. उत्पन्न घटल्याचं त्यात सात-आठ ओळींत आलं होतं. आजकाल लोक काटा बिघडला की फेकून नवा घेतात, दुरुस्तीला येत नाहीत, हे अगदी खरं होतं. बाकीच्या मजकुरात कर्जाला मदत म्हणणं ही कशी लबाडी आहे, आधी किंमत चढवून मग सूट द्यायची पद्धत कापड दुकानात कशी चालते, आणि कारंजं बंद ठेवल्यास किती मुलांची फी निघेल, याचा खुलासा होता.

छोटीने त्या अर्जाची घरी ठेवलेली झेरॉक्स वाचली तेव्हा ती रडायलाच लागली. "बाबा, ते माझी जागाच काढून घेतील! तुम्ही त्यांना लबाड म्हटलंय. तीनदा!"

"चारदा. मागच्या पानावर पण आहे."

"तुम्हाला मी शिकायलाच नको आहे का?"

हा प्रश्न काटेवाल्यांना लागला. ते बराच वेळ एका जुन्या काट्याची स्प्रिंग उगाच ओढत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "अगं, तू बाहेर पडशील तेव्हा बावीस वर्षांची असशील. त्या वयात पोरीच्या पाठीवर एवढं ओझं चढवायचं आणि त्याला मदत म्हणायचं? निदान ओझं म्हणून तरी चढवा. किती आहे ते कळू दे तिला."

छोटीने डोळे पुसले. पण अर्ज तोवर पोस्टात पडला होता.

आठवड्याभराने दुकानातला फोन वाजला.

"नमस्कार, मी विद्यापीठातून तपासनीस बोलतोय. तुमचा अर्ज समितीला आवडला. तुमची मदत वाढवायचा विचार आहे. त्यासाठी थोडी माहिती हवी होती. बँकेत खाती कुठे कुठे आहेत, ठेवी किती…"

चार पानी शिव्या वाचून जास्त पैसे देणारा माणूस काटेवाल्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आणि फोनवर बँकेची चौकशी करणारे लोक कोण असतात, हे तर वर्तमानपत्रात रोज छापून येत होतं.

"असं करा," ते आवाजात मध ओतून म्हणाले, "तुम्ही दुकानातच या ना. समोरासमोर सगळं सांगतो."

भामटे कधी समोर येत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण पलीकडून उत्तर आलं, "चालेल की. घरभेट करायचीच असते आम्हाला. उद्या दुपारी येतो."

फोन ठेवून काटेवाले तडक शेजारच्या सलूनमध्ये गेले. सलूनवाला त्यांचा जुना मित्र. दिवसभर आरशात तीच तीच तोंडं बघून कंटाळलेला, त्यामुळे असल्या कामाला एका पायावर तयार.

"म्हणजे एवढी हिंमत?" सलूनवाला म्हणाला. "घरात येऊन लुटणार?"

"येऊ दे तर. तो आत आला की तू बाहेरून शटर ओढायचंस. घरात जाणाऱ्या मागच्या दाराला मी कडी घालतो. मग बोलता करतो त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक गोल चेहऱ्याचा, घामेजलेला तरुण बगलेत फाइल धरून दुकानात आला. खुर्चीवर वजनं रचून ठेवलेली होती, म्हणून काटेवाल्यांनी त्याला पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर बसवलं. काट्याने लगेच वजन दाखवलं. तपासनिसाने ते वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"हा बरोबर आहे?"

"माझा काटा चुकत नाही," काटेवाले म्हणाले. "आता मला एक सांगा. तुमच्या कर्जावर व्याज कधीपासून लागतं?"

"पहिल्या दिवसापासून," तपासनीस पटकन म्हणाला.

काटेवाल्यांची खात्रीच पटली. विद्यापीठाच्या बाईंना हे सांगायला पाण्याचा घोट घ्यावा लागला होता. इतकं खरं आणि इतक्या लवकर बोलणारा माणूस तिथला असणं शक्यच नव्हतं. त्यांनी खाकरून खूण केली. बाहेरून सलूनवाल्याने दोन्ही हातांनी शटर असं काही खेचलं की ते धाडकन खाली आलं, वाकडं झालं आणि खोबणीत रुतून बसलं.

"अहो, हे काय?" तपासनीस उठून उभा राहिला.

"बसा. तुमचा खेळ संपला."

"कसला खेळ? हे माझं ओळखपत्र बघा!"

"असली ओळखपत्रं कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला दहा मिनिटांत काढून देतो. माझ्या बायकोचं काढायचं तर तिलाही तो कुलगुरू करून देईल."

"तुमच्या अर्जावरूनच आलोय मी! चार पानं आहेत. कारंज्याचा उल्लेख आहे!"

"म्हणजे अर्जही चोरलात."

तपासनीस रडकुंडीला आला. "अहो काका, विद्यापीठात फोन करा. माझा नंबर नको, तुमच्याकडे पत्रावर छापलेला असेल तो लावा."

हे मात्र काटेवाल्यांना पटलं, कारण या सल्ल्यात त्यांना भामट्याचा फायदा काही दिसेना. छोटीच्या पत्रावरून वहीत उतरवून ठेवलेला नंबर त्यांनी लावला. त्याच गोड आवाजाच्या बाईंनी फोन उचलला.

"तुमच्याकडे कोणी तपासनीस आहेत का?"

"आहेत, पण ते घरभेटीला गेलेत. आपण कोण?"

"काटेवाले."

"ते चार पानीवाले?"

"हो."

"मग ते तुमच्याकडेच आलेत. गोल चेहरा, घाम फार येतो. का हो, काही झालं का?"

काटेवाल्यांनी काट्यावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं. घाम टपटपत होता. "नाही, काही नाही," ते म्हणाले. "चहा घेतायत."

मग धावपळ उडाली. काटेवाले आतून शटर उचलू लागले, सलूनवाला बाहेरून. शटर हलेना. बाहेरून सलूनवाला ओरडून विचारत होता, "बोलला का? कबूल झाला का? पोलिसांना बोलावू?" आणि काटेवाले आतून ओरडत होते, "गप रे! साहेब आहेत ते!" गल्लीत माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, काटेवाल्यांना दुकानात कोंडून कोणी लुटतंय. शेवटी काटेवाल्यांनी मागच्या दाराची कडी काढली, तेव्हा दारापलीकडे छोटी आणि तिची आई कान लावून उभ्याच होत्या.

छोटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबा, तुम्ही तपासनिसांना कोंडलंत?"

"शटर अडकलंय जरा," काटेवाले म्हणाले.

तपासनिसाला स्वयंपाकघरात नेऊन खऱ्या खुर्चीवर बसवलं. पंखा लावला. खरोखरचा चहा झाला. तो पिऊन तो थोडा सावरला. माणूस भला होता. "माझ्यावर मागे एकांनी कुत्रं सोडलं होतं," तो म्हणाला. "त्या मानाने तुम्ही बसायला तरी दिलंत. असू दे. चला, काम उरकून टाकू. समितीने शिष्यवृत्ती आठ टक्क्यांनी वाढवायचं ठरवलंय. धंद्याची स्थिती मी पाहिलीच. आता फक्त एकच विचारायचं. घरात कोणाच्याही नावावर दुसरी काही बचत, ठेव वगैरे?"

"एक छदामही नाही," काटेवाले छाती पुढे काढून म्हणाले. "घर तपासा. माझ्या घरात लपवाछपवी चालत नाही. लिहा, काही नाही."

तपासनिसाने पेन उचललं.

"अहो साहेब," इतका वेळ ओट्याशी पाठमोरी उभी असलेली बायको म्हणाली, "समजा, असली बचत, तर मदत कमी होते का?"

पेन तसंच हवेत राहिलं. तपासनिसाने हळूच मान वर केली. "ताई, आता हे तुम्ही विचारलंत, तर मला उत्तर ऐकूनच जावं लागेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मागाहून कळलं, तर सगळीच मदत रद्द होते. जागाही जाऊ शकते."

काटेवाले बायकोकडे असे पाहत होते, जसं काही तिच्या खांद्यावर आत्ताच दुसरं डोकं उगवलं होतं.

"अगं," ते म्हणाले, "तुझ्याकडे पैसे आहेत?"

"छोटीच्या नावाचे आहेत. ती जन्मली तेव्हापासून टाकतेय."

"कुठून आणलेस?"

"पँटी आखूड करून. चेन बदलून. शाळेचे गणवेश सैल करून. कुठून आणणार?"

"पण ते पैसे तर धाग्यात जात होते! महिन्याच्या महिन्याला तू म्हणायचीस, धागा महागला."

"तुम्ही कधी विचारलंत का, की एवढ्या धाग्यात नेमकं काय शिवते मी?"

दहा ग्रॅमची फसवणूक खोलीच्या या टोकाहून हेरणाऱ्या माणसाच्या घरात अठरा वर्षं धागा येत होता, आणि त्याने एकदाही रीळ मोजलं नव्हतं. छोटीने ओठ घट्ट मिटले होते. हसावं की रडावं ते तिला कळत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"पहिल्यांदा साठवले होते ते सांगितले होते. त्याचं काय झालं?" तिने दुकानाच्या दिशेला बोट दाखवलं. तिकडे चादरीखाली काटे तपासायचं एक परदेशी यंत्र झाकून ठेवलेलं होतं. आणल्यापासून ते दोनदा चालू झालं होतं, त्यातलं एकदा चुकून. "तुम्ही वाईट नाही हो. पण पैसे दिसले की तुम्हाला यंत्रं सुचतात."

काटेवाले खाली मान घालून बसले. सगळ्या जगावर त्यांनी संशय घेतला होता, फक्त शिलाई मशीनच्या स्टुलावर बसणाऱ्या या एका बाईवर घेतला नव्हता. हे चुकलं की बरोबर होतं, याचा त्यांना काही केल्या निवाडा करता येईना.

"किती आहेत?" तपासनिसाने हलकेच विचारलं.

बायकोने आकडा सांगितला. काटेवाल्यांनी तो ऐकला आणि त्यांना बसल्या जागी घोटभर पाणी लागलं.

तपासनिसाने कागदावर बेरजा-वजाबाक्या केल्या. छोटी त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिने ओढणीचं टोक दातात धरलं होतं.

"हं. वाढ आठची होती, या बचतीमुळे त्यातले तीन जातील. म्हणजे शिष्यवृत्ती पस्तीसची चाळीस. पण आता हा पैसा कर्जाच्या जागी वापरलात, तर पहिली तीन वर्षं कर्ज घ्यायचीच गरज नाही. चौथ्या वर्षी थोडं लागेल. तेही हिने नोकरी धरली की दीड-दोन वर्षांत फिटेल."

"आणि त्यावर व्याज पहिल्या दिवसापासून," काटेवाले सवयीने म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून. पण तो पहिला दिवस तीन वर्षं लांब गेला ना."

छोटीने आईला जी मिठी मारली, ती सुटेचना. आई तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होती, "पुरे गं, पुरे, अजून दोन पँटी द्यायच्यात संध्याकाळी." काटेवाले उठले, कोपऱ्यातल्या नळावर उगाच हात धुतले आणि बराच वेळ पुसत राहिले. मग बायकोजवळ जाऊन पुटपुटले, "ते यंत्र विकून टाकतो."

"कोण घेणार?" ती म्हणाली. पण ती हसत होती.

तपासनिसाने फाइल बंद केली, तरी तो उठेना. कपातला तळाचा थंड चहा त्याने उगाच ढवळला. "काका, मी पण इथलाच विद्यार्थी. कर्ज काढून शिकलो. तुमच्यासारखं कोणी विचारणारं नव्हतं घरात, मिळेल त्यावर सही केली. नोकरीही इथेच लागली. एका हाताने पगार घेतो आणि दुसऱ्या हाताने हप्ता भरतो. अजून भरतोय." मग तो काटेवाल्यांच्या बायकोकडे वळला आणि फार सहज विचारल्यासारखं म्हणाला, "ताई, हे धाग्याचं… म्हणजे घरच्या घरी, नवऱ्याला पत्ता न लागता, खरंच एवढं जमतं?"

"जमवलं तर जमतं."

"नाही, आमची ही घरी केक करते. ऑर्डरचे. बऱ्यापैकी खप आहे. पण हातात काही उरतच नाही म्हणते. साखर फार महागलीय म्हणे."

बायको ओट्याकडे वळली आणि आधीच स्वच्छ असलेली कढई घासू लागली.

तपासनीस सगळ्यांचा निरोप घेऊन घराच्या मागच्या दाराने बाहेर पडला. गल्लीत अजून माणसं होती, सलूनवाला वाकड्या शटरला तेल पाजत होता. तपासनीस त्या सगळ्यांना वळसा घालून पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. त्याने रुमालाने घाम पुसला आणि घरी फोन लावला.

काटेवाले खिडकीत उभे होते. त्यांना शब्द ऐकू येत नव्हते, नुसतं दिसत होतं. तपासनीस आधी हसत हसत काहीतरी म्हणाला. मग गप्प झाला. मग त्याने फोन कानापासून वीतभर लांब धरला, आणि पलीकडून येणारा आवाज गल्लीच्या या बाजूपर्यंत पोचला.

"काय चाललंय हो त्याचं?" मागून बायकोने विचारलं.

काटेवाल्यांनी क्षणभर कान टवकारून तो आवाज नीट ऐकला.

"आहे," ते म्हणाले. "चांगली घसघशीत बचत आहे."

आणि त्यांनी आवाज न करता खिडकी लावून घेतली.